खाली

नेपियर टाउन, जबलपूर
१६ जानेवारी २०२६

प्रिय अवू,

गेले पाच रविवार मी तुझ्याशी खोटं बोलून राहिले. सकाळी तुझा फोन आला की म्हणते, अगं देवळात आहे, मागे घंटा वाजून राहिल्या, नंतर करते. घंटा खऱ्या असतात, देऊळही दहा पावलांवर असतं, पण मी देवळात नसते. मी ग्वारीघाटाच्या शेवटच्या पायरीवर नारिंगी जाकीट घालून उभी असते आणि नावेत चढणाऱ्या लोकांवर ओरडत असते. हो, त्याच घाटावर. रागवायचं असेल तर रागव, तो तुझा हक्क आहे, पण पत्र बाजूला ठेवू नकोस. आणि मधली पानं सोडून शेवटच्या पानावर उडीही मारू नकोस. गोष्टीच्या पुस्तकाचा शेवट आधी वाचायची तुझी सवय मला चांगली ठाऊक आहे. या वेळी आईसाठी ओळीनं वाच.

फोनवर सांगायचा मी तीनदा प्रयत्न केला. एकदा गाडी लिंबाच्या लोणच्यावर गेली, एकदा तुझ्या अमेयरावांच्या पाठदुखीवर, आणि तिसऱ्यांदा तूच विचारलंस, आई, आवाज असा काहून येऊन राहिला? मी म्हणाले, सर्दी झाली. व्हॉट्सॲपवर लिहावं तर त्या दोन रेघा निळ्या होतात आणि मग माणूस उत्तराची वाट बघत बसतो. माझा जीव तेवढा घट्ट नाही राहिला. पत्राचं बरं असतं, तू कधी वाचलंस हे मला कळणार नाही. हिंदीत लिहिलं असतं तर तू भराभर वाचलं असतंस हेही मला माहीत आहे. मराठी वाचताना तू अजून ओठ हलवतेस. पण ही गोष्टच भाषेची आहे, म्हणून मराठीत लिहिते. परवा संक्रांत झाली. तिळाच्या वड्या वेगळ्या डब्यात पाठवल्या आहेत. गोड बोलायचं ते वड्यांनी बोलावं, या पत्राकडून तशी अपेक्षा ठेवू नकोस.

बारा डिसेंबरला बाबांना जाऊन चार वर्षं झाली. इतके दिवस मी घाटाकडे पाठ फिरवली होती. ऑटोवाला ग्वारीघाटाच्या रस्त्यानं निघाला तरी मी म्हणायची, भैया, दूसरे रास्ते से चलो. या वर्षी मात्र सकाळी उठले, तुपाचा दिवा घेतला आणि सरळ घाटावर गेले. दिवा सोडला. रडायला येईल असं वाटलं होतं, पण समोर तमाशा चालला होता तिकडेच लक्ष गेलं. नारिंगी जाकीट घातलेले एक वयस्कर गृहस्थ एका बाईला हात जोडून सांगत होते की नावेत बसण्याआधी लाइफ जॅकेट घाला. बाई म्हणे, साडी चुरगळेल. तिचा नवरा म्हणे, धुला हुआ है क्या? मागचे आठ-दहा जण नुसते हसून राहिले. तुला माझा स्वभाव माहीत आहे. एकतीस वर्षं हिंदी शाळेत गणित शिकवलं मी, हसणारी मागची बाकं मला सहन होत नाहीत. मी तिथूनच ओरडले, एक लाइन में खड़े हो जाओ, जिसने जैकेट नहीं पहना वो सबसे पीछे! पाच मिनिटांत अकरा जणांनी जाकिटं घातली. शेजारी एक हवालदार उभा होता, त्याचा काही संबंध नव्हता, त्यानंही शर्टाचं वरचं बटण लावलं. या जाकीटवाल्यांचा जो प्रमुख आहे ना, बर्मन नावाचा, पिढीजात नावाडी, तो धावत आला आणि म्हणाला, माताजी, हमारे पास रस्सी है, जैकेट है, सब कुछ है, बस ऐसी आवाज़ नहीं है. झालं. दोन दिवसांनी रविवार होता. मी नाव नोंदवून आले.

नाव सुरक्षा सेवा दल असं त्याचं नाव आहे. शेजारच्या प्रतिमाताईंना सांगितलं तर म्हणतात, काहो, कुणाचं नाव धोक्यात आहे? त्यांना होडी म्हणून सांगावं लागलं. सगळे फुकट काम करतात. कॉलेजची मुलं आहेत, दोन-तीन नावाडी आहेत आणि आम्ही दोन म्हातारे. दुसरे म्हातारे म्हणजे लक्ष्मणराव, तेच ते हात जोडणारे गृहस्थ. राहतात महाराजपुरात, मूळचे भंडाऱ्याचे, फॅक्टरीतून निवृत्त झाले. रविवारी स्कूटरवरून मला घ्यायला येतात. अर्जात एक रकाना होता, तैरना आता है? मी लिहिलं, नहीं. मला वाटलं आता घरी पाठवतील. लक्ष्मणराव म्हणाले, काहून घाबरून राहिल्या ताई, मलेही नाही येत, मी फक्त दोर फेकतो. तिथला पहिला नियमच असा की पडलेल्या माणसामागे आपण उडी मारायची नाही. दोर फेकायचा, तोही माणसाच्या अंगावर नाही, त्याच्या पलीकडे, म्हणजे ओढताना त्याच्या हाताला लागतो. नावेत चढताना पाय मधोमध ठेवायचा. चढलेली माणसं मोजायची. आणि कुणाला उभं राहू द्यायचं नाही. फोटोसाठी तर नाहीच.

फोटोचं काम बर्मननं नेमकं माझ्याकडे दिलं. त्याला बिचाऱ्याला काय माहीत. पोरी नावेत बसल्या की लगेच मोबाईल काढतात, आणि मला पायरीवरून सांगावं लागतं, बेटा, बैठकर खींचो. एकदा एका मुलीनं विचारलं, क्यों आंटी, खड़े होने से क्या होता है? मी पुढच्या नावेतली माणसं मोजायला लागले. तिला जे सांगितलं नाही ते आता लिहिते.

त्याआधी एक हसायची गोष्ट आठव, कारण ती लागणार आहे. बाबा ती प्रत्येक पाहुण्याला सांगायचे आणि मी प्रत्येक वेळी स्वयंपाकघरात निघून जायची. मी वर्ध्याहून लग्न होऊन आले तेव्हा मला हिंदी म्हणजे रेडिओवर ऐकलेली तेवढीच. महिन्याभरात बाबांचे टेलिफोन खात्यातले साहेब जेवायला आले. आपल्याकडे तेव्हा पाटावर पंगत. साहेब उभेच होते, म्हणून मी पदर सावरून, फार अदबीनं म्हटलं, आप खाली बैठिए. साहेब म्हणाले, खाली कहाँ बैठे हैं भाभीजी, दफ़्तर में दम लेने की फ़ुरसत नहीं है. बाबांच्या तोंडातलं पाणी उडालं. तेव्हा मला कळलं की आपल्या मराठीत खाली म्हणजे जमिनीवर, आणि यांच्या हिंदीत खाली म्हणजे रिकामं. पुढे मी हिंदीत शिकवलं, पोरांना हिंदीत झापलं, भाजीवाल्याशी हिंदीत भांडले, पण बाबा मरेपर्यंत मला चिडवायचे. मी दमून सोफ्यावर टेकले की म्हणायचे, मॅडम खाली बैठी हैं.

आता तो दिवस. आपण दोघी त्याबद्दल कधीच बोललो नाही. पलीकडच्या काठावरून परत येत होतो. आपण तिघं, कटनीहून नातवाचं जावळ काढायला आलेलं ते नऊ जणांचं कुटुंब, आणि नावाडी. तेव्हा जाकिटं नव्हती, कुणी मागितलीही नाहीत. काठ दहा-बारा हातांवर आला होता. बाबांनी ती राखाडी माकडटोपी घातली होती, आणि तू म्हणत होतीस, बाबा, फोटोपुरती तरी काढा. ते म्हणाले, टोपी माझ्यासोबतच जाईल. असले विनोद करायची त्यांची खोडच होती. मागचं देऊळ फोटोत यावं म्हणून तू उभी राहिलीस. नाव डुलली. मी ओरडले. आणि मग सगळे पाण्यात होते. बाकी सगळ्यांना नावाड्यांनी ओढून काढलं, त्या जावळाच्या बाळालाही, तुलाही, मलाही. बाबा उलट्या नावेच्या आत सापडले. फार उशिरा सापडले. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, फोटो के चक्कर में पलटी नाव. कुणी कापून आणून दिलं ते मला आठवत नाही, पण ते कात्रण तू पर्समध्ये ठेवलेलं मी बघितलं होतं.

आणि दहाव्याच्या संध्याकाळी तू बाबांचे शर्ट घडी करून पिशवीत भरत होतीस तेव्हा मी दारात उभी राहून म्हणाले, तू उभी राहिली नसतीस तर. एवढंच. पुढचं बोललेही नाही, बोलायची गरज नव्हती. तू हातातला शर्ट पूर्ण घडी केलास, पिशवीत ठेवलास आणि तेराव्यानंतर गेलीस ती गेलीस. तुझ्या बाळंतपणाला मी पुण्याला आले, चाळीस दिवस राहिले, तू माझं सगळं केलंस, मी तुझं सगळं केलं, पण ते वाक्य आपल्या दोघींच्या मधे पाळण्यासारखं टांगलेलं होतं. मला आणखी एक गोष्ट कळली आहे, तुला वाटत असेल कळली नाही. वेदांगचे फोटो अमेयराव पाठवतात. कधी वेदांग एकटा असतो, कधी तू त्याला घेऊन असतेस. दोन वर्षांत तू स्वतः काढलेला एकही फोटो मला आलेला नाही. आई असून पोराचा फोटो काढत नाहीस, हे मी रोज फोन उघडून बघते आणि गप्प बसते.

तर आता घाटावर परत ये. तिसऱ्या रविवारी बर्मननं आम्हाला नाव कशी वागते ते दाखवलं. काठाजवळ, गुडघाभर पाण्यात, आम्हाला बारा जणांना नावेत बसवलं आणि मेघना म्हणून एक कॉलेजची मुलगी आहे तिला म्हणाला, खड़ी हो जाओ. मी फळी घट्ट धरली. ती उभी राहिली, नाव डुलली आणि थांबली. तो म्हणाला, अब फोटो खींचो. तिनं हात वर करून, वाकून, मागे झुकून फोटो काढले. नाव डुलत राहिली, पण उलटली नाही. बर्मन म्हणाला, एक आदमी के खड़े होने से इतनी चौड़ी नाव नहीं पलटती, एक आदमी खुद गिर सकता है बस. मी विचारलं, फिर पलटती कैसे है? तो म्हणाला, जब सब एक साथ उठकर एक तरफ़ भागते हैं, और सब तब भागते हैं माताजी, जब कोई कुछ बोल दे. हे ऐकून मी घरी आले. आठवडाभर माझ्या पोळ्या करपल्या. तू उभी राहिल्यानं नाव उलटली नव्हती, एवढं कळलं होतं, आणि ते तुला लगेच फोन करून सांगायला हवं होतं. पण मनात दुसरा काटा रुतला. मग सगळे उठले काहून? कोण काय बोललं होतं?

चार जानेवारीला ते कळलं. त्या दिवशी घबराटीचा सराव होता. नियम असा की नाव हलली तर आपण पायरीवरून किंवा नावेतून एकच हुकूम द्यायचा आणि लोकांनी जागच्या जागी बसून राहायचं. बर्मन म्हणाला, माताजी की आवाज़ से शुरू करेंगे. मी पाठ करून गेले होते, बैठ जाओ, बैठे रहो. भाजी चिरताना म्हणायची, आंघोळ करताना म्हणायची. आम्ही सगळे नावेत बसलो. दोन नावाड्यांनी न सांगता दोन्ही बाजूंनी नाव धरली आणि गदागदा हलवली. गुडघाभरच पाणी होतं गं, पण मला ते दिसलं नाही. मला ती राखाडी टोपी दिसली. आणि तोंडातून निघालं, खाली! खाली! खाली! अवू, पुढच्या क्षणाला सगळी पोरं उठली आणि एकाच बाजूनं पाण्यात उतरली. हसत, ओरडत, एकमेकांवर पाणी उडवत. नाव त्या बाजूला कलली आणि सरळ झाली. बर्मन पोट धरून हसला आणि म्हणाला, माताजी, आपने तो नाव ही खाली करवा दी! सगळे हसले. मी मागे वळून बघितलं. रिकाम्या नावेत माझ्याशिवाय एकच माणूस होता. लक्ष्मणराव. फळीवरून उतरून तळाशी उकिडवे बसलेले, डोक्यावर दोन्ही हात धरून. कारण ते आपले होते. त्यांना मी काय म्हणाले ते समजलं होतं.

मला तिथेच सगळं आठवलं. म्हणजे विसरले कधीच नव्हते, पण अर्थ आता लागला. तू उभी राहिलीस, नाव डुलली, आणि मी माझ्या शाळेच्या आवाजात तीनदा ओरडले, खाली, खाली, खाली. मला म्हणायचं होतं की सगळे खाली बसा. बसा हा शब्द भीतीनं तोंडातच राहिला. कटनीच्या त्या आजोबांचा आवाज माझ्या कानात चार वर्षं होता, उतरो, उतरो, बोल रही हैं खाली करो. मला वाटायचं म्हातारा घाबरून काहीच्या बाही बोलला. तो माझंच भाषांतर करत होता. काठ जवळ दिसत होता, म्हणून बाळाला उचलून नऊच्या नऊ जण काठाकडे धावले. माझ्या सांगण्यावरून धावले. तू धावली नव्हतीस. तू बसत होतीस, मोबाईल छातीशी धरून, मी बघितलं होतं, तेवढ्यात फेकली गेलीस. आणि बाबा. बाबांनी माझ्याकडे बघितलं आणि फळीवरून सरकून तळाशी बसले. सदतीस वर्षांच्या संसारात त्यांनी माझं पहिल्या हाकेला कधी म्हणून ऐकलं नाही. जेवायला या म्हटलं तर चार वेळा म्हणावं लागायचं. त्या दिवशी ऐकलं. म्हणून ते नावेच्या आत सापडले.

मी पायरीवर जाऊन बसले. चक्कर आली म्हणाले. पोरांनी पाणी दिलं, बर्मन बिचारा माफी मागायला लागला, त्याला वाटलं हसल्याचं वाईट वाटलं. लक्ष्मणरावांनी सगळ्यांना पांगवलं आणि टपरीवरून चहा आणला. त्यांनी काही विचारलं नाही, म्हणून मी सांगितलं. पहिल्यापासून सगळं. तुझ्याआधी एका परक्या माणसाला सांगितलं याबद्दल मला क्षमा कर, पण तेव्हा सांगितलं नसतं तर छाती फुटली असती. त्यांनी चहाचा कप पायरीवर ठेवला. मग म्हणाले, ताई, तुम्ही बसा म्हणत होत्या, जीव वाचवायलेच म्हणत होत्या, त्याच्यात पाप नाही. मला जरा बरं वाटलं. मग म्हणाले, पण पोरीच्या डोक्यावर जे ओझं ठेवलं ना तुम्ही, ते तिचं नाही. ते उतरवून या, मग माझ्यासंगे रडा. असं बोलतात ते. मग स्कूटरवरून मला घरी सोडलं.

तेव्हापासून बारा दिवस झाले आणि मी तुला लोणच्याच्या गोष्टी सांगून राहिले. भीती कशाची ते स्पष्टच लिहिते. तू म्हणशील, चार वर्षं मी जळत होते आणि आई तूच. तू म्हणशील, वेदांगला अशा बाईच्या हाती देऊ नये. या दोन वाक्यांना मी भाजी निवडताना भिते, ऑटोत बसताना भिते, फोन वाजला की भिते. आणि दुसरी भीती पंचवीस तारखेची. त्या दिवशी नर्मदा जयंती आहे, घाटावर मुंगी शिरायला जागा नसते, सगळ्या नावा भरून जातील, आणि भोंगा माझ्या हातात असणार आहे. मी बर्मनला सांगितलं, मला भोंगा देऊ नका, माझ्या तोंडाचा भरवसा नाही, भीती वाटली की मला फक्त आईची भाषा येते. का ते सांगितलं नाही, पण तो शहाणा आहे. त्यानं गळ्यातली शिट्टी काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाला, इसकी कोई भाषा नहीं है माताजी. एक लांब शिट्टी म्हणजे बसा. आता निघण्याआधी प्रत्येक नावेला ते समजावून सांगतात. मी घरात सराव करते. परवा वाजवली तर प्रतिमाताई भिंतीपलीकडून ओरडल्या, कुकर बंद करा हो, तिसरी झाली! गेल्या रविवारी एक नाव खरंच जोरात डुलली. मी शिट्टी वाजवली. सगळे बसले. सगळे, अवू. मी मोजले.

मी हे पत्र तू मला माफ करावंस म्हणून लिहिलेलं नाही. ते जमलं तर जमलं, नाही जमलं तरी मी तुझ्या दारात रडत येणार नाही. मी लिहिलं ते एवढ्यासाठी की दहाव्याच्या दिवशी दारात उभी राहून जे म्हणाले ते खोटं होतं, आणि ते परत घ्यायचं आहे. तू उभी राहिल्यानं बाबा गेले नाहीत. माझ्या एका शब्दानं नाव रिकामी झाली, आणि त्या शब्दाचा खरा अर्थ फक्त तुला आणि बाबांना समजला. पर्समधलं ते कात्रण फाडून टाक. मग एक काम कर. आईची आज्ञा समज, विनंती समज, काहीही समज. अमेयरावांच्या हातून मोबाईल घे आणि वेदांगचा एक फोटो काढून मला पाठव. तू काढलेला. त्याला माकडटोपी घातलेली असली तरी चालेल. फक्त एक सांगते, आणि या वेळी पूर्ण वाक्यात सांगते. बसून नको काढूस. उभी राहून काढ.

तुझीच, अजून शिट्टी शिकत असलेली,
आई